घारापुरीची वर्णने : लेणे आणि बेट यांच्या फारकतीचा विचार

मुंबई बंदरातील घारापुरी हे बेट जितके पाहिले गेले तितकेच लिहिलेही गेले आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आजतागायत, म्हणजे जवळजवळ पाच शतके, दर्यावर्दी, वैद्य, धर्मोपदेशक, पुरातत्त्वज्ञ, मूर्तिशास्त्रज्ञ आणि अखेरीस पर्यटन-मार्गदर्शिकांचे लेखक अशा नाना प्रकारच्या लोकांनी त्याचे वर्णन केले. एका लहानशा भूभागाविषयी इतके सलग वर्णनपर लेखन उपलब्ध असण्याचे भाग्य महाराष्ट्रातील फार थोड्या स्थळांच्या वाट्यास आले असेल. या लेखनाकडे माहितीचे साधन म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु वर्णन हे केवळ माहिती देत नाही. ते पाहण्याची एक रीत घालून देते. काय पाहावे, कोठे उभे राहून पाहावे आणि कशाकडे लक्ष न दिले तरी चालेल, हे सारे वाचकाच्या नकळत ठरवून टाकते. म्हणून एक वाङ्मयप्रकार या नात्यानेही त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

अशी चिकित्सा करू जाता एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. घारापुरीच्या बहुतेक वर्णनांनी या स्थळाचे दोन तुकडे केले आहेत. एक 'लेणे' : प्राचीन, पवित्र, विद्वानांच्या अभ्यासाचा विषय. दुसरा 'बेट' : समुद्र, झाडी, टेकड्या आणि होडीचा प्रवास, म्हणजे लेण्यापर्यंत पोहोचताना वाटेत भेटणारी करमणूक. पहिल्या तुकड्यासाठी मोजमापे आणि मूर्तिशास्त्र, तर दुसऱ्यासाठी विशेषणे, अशी कामाची वाटणी झालेली दिसते. ही फारकत सोयीची असली तरी खरी नाही. तिच्यामुळे लेण्याचेही आकलन अपुरे राहते आणि बेटावरही अन्याय होतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१. नाव आणि हत्ती

वर्णनाचा पहिला परिणाम नावावर होतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बेटाचा उल्लेख आहे. तेथे त्याने बेटाचे स्थानिक नाव 'पोरी' असे नोंदवून, आपले लोक मात्र त्याला हत्तीचे बेट म्हणतात, असे सांगितले आहे. या एका नोंदीत पुढील साऱ्या इतिहासाचे बीज आहे. 'पुरी' हे रहिवाशांचे नाव. 'एलिफंटा' हे होडीतून उतरणाऱ्याचे नाव. दक्षिणेकडील जुन्या उताराच्या जागेजवळ दगडाचा मोठा हत्ती उभा होता आणि बेटावर पाय ठेवणाऱ्या परक्या माणसाला जे प्रथम दिसले त्यावरून त्याने सबंध बेटाला नाव दिले. रहिवाशांचे नाव नष्ट झाले नाही. मराठीत ते 'घारापुरी' या रूपाने टिकून राहिले. पण जगाच्या व्यवहारात उतारूचेच नाव रूढ झाले. १९८७ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला तोही 'एलिफंटा' याच नावाने.

ज्या हत्तीवरून हे नाव पडले त्याची पुढील हकीकत मार्गदर्शिकांमधून बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते. वास्तविक तिचे महत्त्व याहून अधिक आहे. १८१४ मध्ये या हत्तीचे मस्तक व मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घालण्यात आला, तेव्हा उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, आणून ठेवण्यात आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळवून हत्ती उभा करण्यात आला. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे ज्या वस्तूने बेटाला नाव दिले ती वस्तू बेटावर नाही आणि जेथे ती आहे तेथे तिच्यावरून कशालाही नाव पडलेले नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन या इंग्रज प्रवाशाने येथे दगडी घोडाही असल्याचे नमूद केले आहे. तो पुढे नाहीसा झाला. लेण्यातील एक शिलालेख पोर्तुगिजांनी काढून पोर्तुगालला पाठविला, तेथे तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे त्याचा मागमूस राहिला नाही, ही हकीकत दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराने दिली आहे. लेण्याचा निर्माता कोण, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर कदाचित त्याच दगडावर कोरलेले असेल.

या तिन्ही घटनांतून एकच सूत्र निघते. जी वस्तू 'आश्चर्य' म्हणून वर्णिली जाते ती उचलून नेण्याजोगी वाटू लागते. आश्चर्याला परिसर नसतो. हत्ती हा बंदराचा रक्षक किंवा प्रवेशाची खूण असू शकेल, शिलालेखाचा अर्थ त्याच्या भिंतीशी निगडित असेल, ही जाणीव वर्णनात नव्हती. मग ती कृतीत तरी कोठून येणार? वर्णनातील फारकत आणि वस्तूची प्रत्यक्ष फारकत या दोहोंमधील अंतर वाटते तितके मोठे नाही.

२. मोजमापाचे वाङ्मय

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्णनाची पद्धत पालटली. अरबस्तानच्या मोहिमेतून मुंबईस आलेल्या कार्स्टेन नीबूर याने १७६४ च्या सुमारास लेण्याचा आराखडा आणि शिल्पांची रेखाटने तयार केली. त्यानंतर विल्यम अर्स्किन याचा मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८१९ च्या ग्रंथात छापलेला निबंध, जेम्स बर्जेस याचे १८७१ मधील स्वतंत्र पुस्तक आणि हिरानंद शास्त्री यांची १९३४ मधील मार्गदर्शिका ही या परंपरेतील महत्त्वाची स्थानके होत. या लेखकांनी अद्भुतकथांना फाटा दिला, खांब मोजले, मूर्तींचे हात आणि आयुधे यांची नोंद केली. भंगलेल्या शिल्पात नेमके काय शिल्लक आहे आणि काय कल्पनेने भरून काढावे लागते, हा विवेक त्यांनी शिकविला. आजच्या कोणत्याही अभ्यासकास त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. युरोपीय प्रवाशांच्या नजरेत भारतीय शिल्प प्रथम राक्षसी आणि मग हळूहळू कलारूप कसे ठरत गेले, याचा इतिहास पार्थ मित्तर यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात सांगितला आहे. त्या प्रवासातही घारापुरीला मोठे स्थान आहे.

तथापि या परंपरेची मर्यादाही तिच्या गुणातच दडलेली आहे. मोजमापाचा विषय लेणे होता, बेट नव्हे. लेण्याच्या खांबांची अंतरे इंचापर्यंत मोजणाऱ्या परंपरेच्या वारसांनी बेटाच्या बाबतीत किती ढिलाई दाखविली, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. घारापुरीचा घेर सुमारे ७ किलोमीटर आणि क्षेत्रफळ भरतीच्या वेळी १० व ओहोटीच्या वेळी १६ चौरस किलोमीटर, ही विधाने लोकप्रिय वर्णनांतून वारंवार आढळतात. परंतु ७ किलोमीटरच्या घेरात कोणताही आकार घेतला, अगदी पूर्ण वर्तुळ घेतले, तरी चार चौरस किलोमीटरही क्षेत्रफळ मावत नाही, हे शाळेतील भूमितीनेही सिद्ध होते. म्हणजे हे दोन आकडे एकाच भूभागाचे असू शकत नाहीत. तरीही ते एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिले. कारण बेटाविषयीचा आकडा पडताळून पाहण्याची गरजच कोणास वाटली नाही. सदाशिवाच्या मूर्तीच्या उंचीत एका फुटाचा फरक पडला तर विद्वान वाद घालतात. बेट दुपटीने फुगले तरी ते खपून जाते.

३. 'त्रिमूर्ती', आस आणि उजेड

लेण्याच्या दक्षिण भिंतीतील सुमारे सहा मीटर उंचीच्या त्रिमुख मूर्तीला प्रवासी दीर्घकाळ 'त्रिमूर्ती' म्हणत आले : ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांचे एकत्र रूप. टी. ए. गोपीनाथ राव यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, भारतीय मूर्तिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात, ही समजूत खोडून काढली आणि ती शिवाचीच महेशमूर्ती असल्याचे प्रतिपादन केले. स्टेला क्रामरिश यांनी १९४६ मधील आपल्या लेखात तिचे पंचमुख शिवतत्त्वाच्या आधारे विवरण केले. मध्यभागी शांत तत्पुरुष, पाहणाऱ्याच्या डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे सौम्य वामदेव. सद्योजात हे मुख मागे खडकात गृहीत आणि ईशान हे दृष्टीपलीकडचे. मराठीत ग. ह. खरे यांच्या 'मूर्तिविज्ञान' (१९३९) या ग्रंथामुळे अशा चर्चेची परिभाषाही उपलब्ध झाली. तरीसुद्धा लोकप्रिय लेखनातून 'त्रिमूर्ती' हा शब्द गेलेला नाही. हा केवळ नावाचा हट्ट नव्हे. 'त्रिमूर्ती' म्हटले की मूर्ती तीन मुखांत संपते. सदाशिव म्हटले की ती मागच्या खडकात पुढे चालू राहते. एका नावाने मूर्ती भिंतीवर ठेवली जाते, दुसऱ्याने ती डोंगराशी जोडली जाते. मूर्तिशास्त्राच्या दुरुस्तीतच लेणे आणि बेट यांची सांगड घालण्याची एक वाट होती. मार्गदर्शिकांनी ती चोखाळली नाही.

यापुढचा प्रश्न मार्गाचा आहे. मुख्य लेणे उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडे आहे. आजचा प्रवासी शेतबंदराच्या धक्क्यावर उतरतो, पायऱ्या चढतो आणि उत्तरेच्या दाराने आत शिरतो. साहजिकच समोर, मंडपाच्या सुमारे चाळीस मीटर खोलीच्या शेवटी, त्याला सदाशिव दिसतो. हीच लेण्याची एकमेव आस आहे, असे त्यास वाटते आणि मार्गदर्शिकाही त्याच क्रमाने लिहिलेल्या असतात. पण लेण्यास दुसरीही आस आहे. पश्चिम भागात चार दारांचे, आठ भव्य द्वारपालांनी राखलेले शिवलिंगाचे गर्भगृह आहे आणि ते पूर्वेकडील प्रवेशाशी सरळ रेषेत आहे. पूर्वेचा प्रवेश हाच उपासकाचा मुख्य मार्ग असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते मत ग्राह्य धरले तर प्रवाशाचा मार्ग आणि भक्ताचा मार्ग एकमेकांना छेद देतात. प्रवासी मूर्तीकडे जातो. भक्त लिंगाकडे जात असताना मूर्ती त्याच्या डाव्या हाताला, अर्ध्या अंधारात, उभी असते. पाहण्याच्या या दोन रीती असून त्यांतील एकच छापील पुस्तकांत शिल्लक राहिली आहे.

उजेडाविषयीही हेच म्हणावे लागते. सदाशिव उत्तराभिमुख असल्यामुळे त्याच्यावर थेट ऊन पडत नाही; त्याच्यापर्यंत पोहोचतो तो अंगणावरून आणि जमिनीवरून परतलेला मंद उजेड. पूर्व आणि पश्चिम या बाजूंच्या शिल्पांची स्थिती निराळी आहे. दिवस जसा सरकतो तशी त्यांवरील छाया पालटते आणि एकच शिल्प सकाळी व दुपारी वेगळे भासते. म्हणजे लेण्यातील उजेड ही स्थिर गोष्ट नसून सूर्य, समुद्र आणि डोंगराची कड यांनी मिळून दिवसभर चालविलेली क्रिया आहे. वर्णनकार मात्र प्रत्येक शिल्प जणू संग्रहालयातील समान प्रकाशात ठेवले आहे, अशा थाटात लिहितात. छायाचित्रांनी ही सवय अधिकच पक्की केली. कोणते शिल्प कोणत्या प्रहरी पाहावे, एवढी साधी सूचनाही सामान्य मार्गदर्शिकेत सापडणे कठीण.

४. शिल्पातील डोंगर आणि पाणी

लेणे आणि निसर्ग यांच्या फारकतीला सर्वांत सबळ उत्तर खुद्द शिल्पेच देतात. पूर्व प्रवेशाच्या दोन्ही अंगांस कैलास आहे. एका बाजूस शिवपार्वती द्यूत खेळत बसली आहेत. दुसऱ्या बाजूस रावण तोच पर्वत मुळापासून हलवू पाहत आहे. दक्षिण भिंतीत सदाशिवाच्या पश्चिमेस गंगाधर आहे. तेथे शिवाच्या मस्तकावर त्रिमुखी स्त्रीरूपात नदी अवतरते. म्हणजे पर्वत आणि पाणी हे या लेण्याच्या कथांचे दोन प्रमुख विषय आहेत. आणि ज्या जागी ते कोरले आहेत ती जागा म्हणजे खाडीच्या पाण्याने वेढलेला एक डोंगर आहे.

शिल्पकारांनी हा मेळ जाणूनबुजून साधला, असे सांगणारा कोणताही लेख उपलब्ध नाही आणि तसे ठासून म्हणणे धाडसाचे होईल. परंतु टीकाकाराचा संबंध हेतूपेक्षा परिणामाशी अधिक असतो. रावणाने कैलास उचलल्याचे दृश्य अन्यत्रही कोरलेले आहे. वेरूळचे उदाहरण प्रसिद्धच आहे. तेथे ते मोकळ्या चौकातून वर पाहावे लागते. घारापुरीत पाहणारा स्वतःच डोंगराच्या पोटात उभा असतो. त्याच्या मस्तकावर जो खडक आहे तोच खडक रावणाच्या मस्तकावर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा थर बेटाचा सांगाडा आहे, छत आहे आणि मूर्तीचे शरीरही आहे. बाहेरून काहीही आणलेले नाही. केवळ काढून टाकले आहे. ज्या वास्तूत निर्मिती म्हणजे वजाबाकी, त्या वास्तूच्या बाबतीत 'कलाकृती' आणि 'नैसर्गिक परिसर' यांच्यामधील रेषा नेमकी कोठे ओढावयाची? लेण्यालगत खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी तर ती रेषा पूर्णच पुसली जाते. पावसाचे पाणी, खडक आणि छिन्नी या तिन्हींचे ते सारखेच अपत्य आहे.

ऐतिहासिक संशोधनानेही याच दिशेने पावले टाकली आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये कलचुरि-चेदि संवताचे कोरीव लेख संपादून प्रसिद्ध केले आणि कलचुरींचा इतिहास भक्कम पायावर उभा राहिला. कृष्णराज या कलचुरी राजाची तांब्याची नाणी बेटावर सापडली असल्याने मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्यास त्या कुळाच्या आणि पाशुपत संप्रदायाच्या आश्रयाने खोदले गेले असावे, याकडे वॉल्टर स्पिंक आदी अभ्यासकांचा कल आहे. पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपाचे विटांचे अवशेष आहेत. लेणी एकंदर सात : पाच शैव आणि दोन बौद्ध. नाणी मातीत सापडतात, स्तूप टेकडीवर असतो आणि बंदर किनाऱ्यावर. लेण्याचा इतिहास लेण्याबाहेरच्या जमिनीत आहे, हेच या साऱ्याचे तात्पर्य. असे असूनही पूर्वेच्या टेकडीपर्यंत वाचकाला नेणारी वर्णने थोडी आणि पश्चिमेच्या टेकडीवरील जुन्या तोफा दाखवून परत फिरविणारी पुष्कळ आहेत.

५. 'निसर्गरम्य' या शब्दाचे काम

आता दुसऱ्या तुकड्याकडे वळावयास हवे. मार्गदर्शिकांमधील बेटाचे वर्णन ठरावीक विशेषणांनी बनलेले असते : निसर्गरम्य, हिरवेगार, शांत, विलोभनीय. ही विशेषणे खोटी नाहीत. ताड, आंबा, चिंच यांची झाडी येथे आहे. दोन टेकड्यांमधील खोलगट भाग आहे. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी चिखलवट आणि कांदळवने आहेत. परंतु विशेषण जेव्हा पाहण्याऐवजी वापरले जाते तेव्हा ते झाकण्याचे काम करते. होडीतून जाताना जवाहर द्वीपावरील तेलाच्या टाक्या दिसतात, पूर्वेस न्हावा-शेवा बंदराच्या याऱ्या उभ्या असतात, उत्तरेस २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू खाडी ओलांडतो. 'निसर्गरम्य' या शब्दात यांपैकी कशालाही जागा नाही. वस्तुतः हे प्राचीन काळापासूनचे बंदर आहे आणि घारापुरीचे वैभव वाहतुकीनेच निर्माण केले. मग आजची वाहतूक हा देखाव्यातील दोष मानण्याऐवजी त्याच इतिहासाचा पुढील अध्याय का मानू नये? समुद्रातील धक्का इतका लांब का बांधावा लागला, याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. त्या धक्क्यावरील छोट्या गाडीचे कौतुक करणारी वर्णने भरती-ओहोटीविषयी सहसा मौन पाळतात.

या विशेषणांखाली सर्वांत खोल गाडले गेले आहे ते गाव. घारापुरी हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील गाव असून राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन वस्त्यांत ते राहते. जुन्या काळी परके लोक दक्षिणेस राजबंदराकडे उतरत. आज उतार उत्तरेस शेतबंदराला आहे. त्यामुळे बेटाचा दर्शनी भाग कोणता आणि पाठ कोणती, हेच उलटले आहे. एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत महाशिवरात्रीच्या यात्रेचा उल्लेख येतो. म्हणजे लेणे तेव्हा केवळ अवशेष नव्हते. त्याच शतकात, १८७५ मध्ये, ब्रिटिश युवराजाच्या सन्मानार्थ लेण्यात मेजवानीही झाली. वर्णनपर वाङ्मयात मेजवानीची हकीकत रंगवून सांगितली जाते आणि यात्रा एका ओळीत आटोपते, हे प्रमाण पुरेसे बोलके आहे.

मुंबईच्या दिव्यांसमोर असलेल्या या बेटावर कायमची वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलने. तोपर्यंत रहिवाशांना रात्री काही तासांपुरत्या जनित्रावर भागवावे लागे. जागतिक वारशाचा मान मिळाल्यानंतर तीस वर्षे लोटली होती. वर्णनातील दोष आणि विजेचा विलंब यांच्यात थेट कार्यकारणभाव जोडणे घाईचे ठरेल. बेटावर वीज नेणे हे खर्चाचे आणि तंत्राच्या दृष्टीने अवघड काम होते, हे विसरून चालणार नाही. परंतु ज्या दृष्टीने लेणे हेच सारे बेट मानले, त्या दृष्टीला माणसे रात्री काय करतात हा प्रश्न सुचण्याचे कारण नव्हते. तिचा प्रवासी सूर्यास्तापूर्वी परत फिरलेला असतो.

६. आजचा वाचक

अशा वर्णनाचा वाचक आज कोण आहे, हेही पाहिले पाहिजे. तो आता दूरदेशीचा दर्यावर्दी राहिलेला नाही. पुण्याच्या वायव्येस पवनेच्या काठी वसलेल्या पिंपळे सौदागरासारख्या वस्तीतून एका दिवसाच्या सहलीस निघालेले कुटुंब, हा त्याचा प्रातिनिधिक नमुना मानता येईल. पिंपळे सौदागर हे काही दशकांपूर्वीपर्यंत शेतीचे गाव होते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक आणि हिंजवडीच्या संगणक-उद्योगाच्या वाढीबरोबर तेथील शिवारात बहुमजली गृहसंकुले उभी राहिली आणि जुने गावठाण त्यांच्या मधोमध उरले. तेथे राहावयास आलेल्या अनेकांना ते नाव पत्त्यापुरतेच ठाऊक असते. नदी, देऊळ आणि गावठाण यांचा परस्परसंबंध सहसा कोणी त्यांना सांगितलेला नसतो.

या वाचकास घारापुरीचे नेहमीचे वर्णन वाचावयास दिले तर तो तेथेही तेच करील, जे तो घरी करतो : एका प्रसिद्ध वस्तूपर्यंत जाईल, तिच्यासमोर छायाचित्र काढील आणि भोवतालचे सारे ओलांडून परत येईल. उलट, ज्या वर्णनात धक्का, भरती-ओहोटी, वस्ती, खडक, टाके, लिंग आणि मूर्ती ही एका सलग जागेची अंगे म्हणून मांडलेली असतील, ते वर्णन त्याला पाहण्याची एक रीत देईल. आणि ती रीत परतल्यावर पवनेच्या काठीही त्याच्या उपयोगी पडेल. स्थलवर्णनाचे शैक्षणिक मूल्य यातच आहे. ते एका स्थळाची माहिती देते म्हणून नव्हे, तर कोणतेही स्थळ कसे वाचावे हे शिकविते म्हणून.

म्हणून घारापुरीविषयी यापुढे मराठीत जे लेखन होईल त्याकडून काही अपेक्षा बाळगणे अनुचित ठरू नये. बेटाचे मोजमाप लेण्याच्या मोजमापाइतक्याच काटेकोरपणे व्हावे आणि परस्परविरोधी आकडे पडताळल्याविना उतरवून घेतले जाऊ नयेत. मूर्तीचे वर्णन तिच्या दिशेसह आणि उजेडासह यावे. उत्तरेच्या मार्गाबरोबर पूर्वेच्या मार्गाचाही परिचय व्हावा, म्हणजे वाचकाला निदान कल्पनेने तरी उपासकाच्या पावलांनी लेण्यात शिरता येईल. तिन्ही वस्त्यांची नावे नकाशात आणि मजकुरात असावीत. जे बेटावर होते पण आज नाही, म्हणजे हत्ती, घोडा आणि शिलालेख, त्याचाही उल्लेख बेटाच्याच वर्णनात व्हावा. कारण अभाव हाही परिसराचा भाग असतो.

या अपेक्षा मोठ्या ग्रंथांकडून नसून चार आण्यांच्या पुस्तिकेपासून आजच्या भ्रमणध्वनीवरील मार्गदर्शिकेपर्यंत सर्व सामान्य लेखनाकडून आहेत. विद्वानांचे ग्रंथ थोडे लोक वाचतात. बेटाकडे पाहण्याची सार्वत्रिक दृष्टी घडते ती या सामान्य लेखनातून. पाच शतकांपूर्वी एका उतारूने किनाऱ्यावरचा हत्ती पाहिला आणि सबंध बेटाचे नाव बदलले. त्याने पाहिले ते खोटे नव्हते. फक्त पहिल्या दृष्टिक्षेपावर तो थांबला. त्याच्यानंतरचे बहुतेक वर्णनकार हत्तीपासून लेण्यापर्यंत पुढे सरकले, एवढाच काय तो फरक. लेण्यापासून बेटापर्यंतचे अंतर अद्याप चालावयाचे आहे.